काठीभर अंतर

मित्रांनो, मला पाहून बहुतेकांना वाटते, ही कुणा आजोबांची हातकाठी असावी. एकदा दारावर आलेल्या पोस्टमनने खुशाल माझा आधार घेऊन बुटातला खडा काढला होता. मी काही बोलले नाही. या वयात माणूस किंवा काठी कुणाकुणाला समजावत बसणार? पण तुम्ही विचारलेच आहे, तर सांगते. मी एक जुनी काठी आहे हे खरे, पण चालायची नव्हे. मी गोल्फ खेळायची काठी आहे.

गोल्फच्या पिशवीत आम्ही पुष्कळ जणी असतो. कुणी चेंडू लांब पाठवते, कुणी उंच उडवते, कुणी वाळूतून बाहेर काढते. चेंडू असा मजल दरमजल करत शेवटी गुळगुळीत हिरवळीवर येतो आणि समोर होल, म्हणजे चेंडू पाडायचा खळगा, दिसू लागतो, तेव्हा माझी पाळी येते. मला पटर म्हणतात. चेंडू हवेत उडवणे हे माझे काम नव्हे. त्याला हळूच घरात सोडणे हे माझे काम. दिसायला अगदी किरकोळ! पण मित्रांनो, कुठल्याही खेळाडूचे निम्मे फटके या किरकोळ कामातच जातात, आणि निम्म्याहून जास्त अश्रूही.

मी ज्या कारखान्यात जन्मले तिथे कुबड्या, छत्र्यांच्या मुठी आणि बिलियर्डच्या काठ्या बनत. त्यामुळे आमच्या घराण्यात कुणालाच फारसा गर्व नाही. माझे डोके पितळेचे, दांडा लाकडाचा आणि मुठीवर कातडी पट्टी. मला बनवून घेतले ते पूल बांधणाऱ्या एका तरुण इंजिनियरने. तो ताडमाड उंच होता आणि वाकण्याचा त्याला भारी कंटाळा. "लांब करा," त्याने कारागिराला बजावले. "अजून लांब. मला काय रांगत खेळायचंय?" त्यामुळे मी इतर पटरांपेक्षा चांगली वीतभर उंच झाले. ही वीत पुढे मला किती नडणार होती, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

माझे सगळ्यात चांगले दिवस मैदानावर गेले नाहीत. ते गेले इंजिनियरसाहेबांच्या घरातल्या लांब, अरुंद पॅसेजमध्ये. साहेब कामावर गेले की त्यांची लहान मुलगी मला कपाटामागून काढायची. मी तिच्या डोक्यापेक्षा उंच होते, म्हणून ती मला मध्येच, कमरेत धरायची. पॅसेजच्या टोकाला पेला आडवा ठेवायची आणि चेंडू सोडायची. टुक् असा आवाज करत चेंडू पेल्यात गेला की स्वतःच टाळ्या वाजवायची. घरी आलेले पाहुणे म्हणायचे, "पोरीचा हात काय सरळ आहे हो!" साहेब खांदे उडवायचे, पण रात्रीच्या जेवणात तिला पहिले वाढायचे. तिला ते छोटी म्हणत. आज तिचे केस पांढरे झाले तरी ते छोटीच म्हणतात, म्हणून मीही तिला छोटीच म्हणणार.

छोटी मोठी झाली. तिच्या हाती व्हायोलिन आले आणि मी कपाटामागे गेले. पुढे तिचे लग्न ठरले ते दातांच्या एका डॉक्टरांशी. लोक जावयाला घड्याळ देतात, अंगठी देतात. इंजिनियरसाहेबांनी मला नीट पुसले, मुठीला नवे कातडे चढवले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर जावयाच्या हातात दिले. मित्रांनो, माझे पितळ त्या दिवशी असे लखलखत होते की काय सांगू!

डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिले. बिचाऱ्यांनी गोल्फ कधी टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता.

"वा, छानच आहे," ते अगदी मनापासून म्हणाले. "कुठल्या खिडकीसाठी?"

त्यांना मी पडद्याचा दांडा वाटले होते.

त्या दिवसापासून सासरेबुवा त्यांना 'जावईबापू' म्हणू लागले. हा शब्द तसा गोड आहे, पण साहेब तो उच्चारत तेव्हा त्यात सबंध खिडकी मावत असे. घरी दोघे समोरासमोर बसले की मध्ये वर्तमानपत्र असायचे. हे त्याच्या या बाजूला, ते त्या बाजूला. छोटी चहा आणून ठेवायची, कप रिकामे व्हायचे आणि भेट संपायची.

शेवटी चाळिशी उलटल्यावर डॉक्टर गोल्फ शिकू लागले. लोकांना वाटले, पोट कमी करायला. मला कारण माहीत होते. मैदानावर एका होलपासून दुसऱ्या होलपर्यंत चालावे लागते, आणि चालताना हातात वर्तमानपत्र धरता येत नाही. तिथे साहेब बोलत. वाऱ्याविषयी, पुलांविषयी, पाण्यात वाहून गेलेल्या एका कमानीविषयी, छोटीच्या आईविषयी, जिच्याबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत. डॉक्टर पिशवी ओढत शेजारून चालत आणि हं हं करत. रविवारची ती सकाळ डॉक्टरांना जीव की प्राण होती. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. सांगितले ते एवढेच, की "हँडिकॅप कमी करायचाय."

हँडिकॅप म्हणजे काय, तेही सांगते. चांगल्या खेळाडूला सबंध मैदान जेवढ्या फटक्यांत पार करता यायला हवे, त्याहून तुम्ही साधारण जेवढे जास्त घेता, तो तुमचा हँडिकॅप. आकडा मोठा तर खेळाडू कच्चा. वजन सोडले तर हा एकच आकडा मी असा पाहिला, जो कमी करण्यासाठी माणसे इतके कष्ट घेतात आणि खोटेही इतके बोलतात.

आमच्या डॉक्टरांचा सगळा जीव होता ड्रायव्हरवर. ड्रायव्हर म्हणजे आमच्या पिशवीतली सगळ्यात लांब फटका मारणारी काठी. तिचे डोके नारळाएवढे आणि तेवढेच पोकळ. ती येता-जाता मला कोपर मारायची. "म्हातारे, सरक तिकडे," म्हणायची. डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून मैदानावर जात, बादलीभर चेंडू घेत आणि तिनेच धडाधड मारत सुटत. एखादा चेंडू लांब गेला की आजूबाजूला कुणी पाहिले का ते पाहत. दहा वाकडे गेले की ते चेंडूंचा दोष. दर वर्षी नवी ड्रायव्हर येई आणि जुनी माळ्यावर जाई. पटर मात्र डॉक्टरांनी कधी बदलली नाही, कारण पटरने सराव करायचा असतो हेच त्यांच्या गावी नव्हते.

मग मी पिशवीत होते कशाला? ऐका, आता माझ्या अपमानाची गोष्ट येते.

डॉक्टरांच्या चौकडीत डॉक्टर, सासरेबुवा, एक निवृत्त न्यायाधीश आणि लाकडाच्या वखारीचे एक मालक होते. वखारवाले माणूस मोठे गमत्ये. न्यायाधीशमहाराज मात्र फार तापट. एकदा त्यांचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता आणि तेवढाही त्यांना घालता आला नाही. पुढचे दोन होल ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या होलवर त्यांनी निकाल दिला, "इथून पुढे काठीच्या लांबीच्या आत असलेला चेंडू होलमध्ये पडला असं मानण्यात यावं."

"मान्य!" वखारवाले म्हणाले. "पण कुणाच्या काठीच्या?"

चौघांनी आपापल्या पटर शेजारी शेजारी उभ्या केल्या. माझी वीत सगळ्यांच्या वर आली.

"हीच ती," न्यायाधीश म्हणाले.

झाले! त्या दिवसापासून, लांबून दिलेला एखादा धक्का सोडला, तर माझे काम एकच. हिरवळीवर कुणाचा चेंडू आला की मला गवतावर आडवे घालायचे, होलपासून चेंडूपर्यंत. आत असला की सगळे एका सुरात ओरडायचे, "दिला!" आणि खेळाडू चेंडू उचलून खिशात टाकायचा. कुणी काठीने टाकायची तसदीच घ्यायची नाही. थोडा बाहेर असला तरी वखारवाले पायाने मला हळूच पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "गवत वाढलंय हो, काठी आखडते." क्लबात मला 'मोजपट्टी' म्हणू लागले. चेंडूला घरी सोडण्यासाठी जिचा जन्म, ती ओल्या गवतात आडवी पडून लोकांची अंतरे मोजत होती. आणि घरी आल्यावर छत्र्यांच्या डब्यात. तिथे डॉक्टरांच्या सोफ्याखाली गेलेल्या चपला मीच बाहेर काढायचे. निदान त्या बाबतीत माझा नेम कधी चुकला नाही.

अशा प्रकारे डॉक्टरांचा हँडिकॅप अठरा झाला. ते तो आकडा पेशंटच्या तोंडात हात असताना सांगत, म्हणजे कुणी काही विचारू शकत नसे.

मग क्लबात नव्या सचिवबाई आल्या. अंगाने किडकिडीत, आवाज त्याहून बारीक, पण पाटीवर त्यांनी जे लिहिले ते वाचून भलेभले घाबरले. यापुढे प्रत्येक चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे. उचलला तर दंडाचा एक फटका. प्रत्येकाचा हँडिकॅप नव्याने ठरेल, हिवाळाभरातल्या खेळांवरून, आणि जे आले नसतील त्यांचा शेवटच्या दिवशीच्या खेळावरून. रविवारी सकाळी गर्दी फार होते, म्हणून ज्यांचा आकडा विसाच्या वर जाईल त्यांनी दुपारी खेळायचे.

पहिल्याच रविवारी डॉक्टरांनी मला आयुष्यात प्रथम खऱ्या अर्थाने वापरले. मित्रांनो, काय सांगू! हातभर अंतर, सपाट जमीन, वारा नाही, आणि चेंडू होलच्या उजवीकडून निघून गेला. पुढचा डावीकडून. एक तर होलच्या अलीकडेच थांबला, जणू रस्ता विचारतोय. ते मला असे धरत होते, जसा कुणी दुसऱ्याचा साप धरावा. दिवसाअखेर नवा आकडा निघाला, सव्वीस.

"अभिनंदन," वखारवाले म्हणाले. त्यांचा एकोणतीस आला होता. "दुपारी झोप येते म्हणतात, पण ऊन छान असतं."

न्यायाधीश जेमतेम एकोणिसावर बचावले. सासरेबुवांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते हिवाळाभर येणारच नव्हते. शेवटच्या दिवशी एकदा खेळले की त्यांचे काम भागणार होते. ते सकाळी खेळणार याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. चाळीस वर्षांहून जास्त खेळत आलेला माणूस!

"बघू, जावईबापू," त्यांनी घरी आल्यावर वर्तमानपत्राआडून विचारले, "आमच्याबरोबर असाल की नाही? हा गुडघा पुढच्या वर्षी चालू देईल न देईल. आता उरलेत तेवढेच रविवार."

डॉक्टर उठले. ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी आणखी एका नव्या ड्रायव्हरची ऑर्डर दिली.

छोटी शेजारच्या खोलीत व्हायोलिनची शिकवणी घेत होती. शिकवणी संपल्यावर ती बाहेर आली आणि डॉक्टरांच्या फोनवर नव्या ड्रायव्हरचे चित्र पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, तुम्ही सराव करता म्हणजे नक्की काय करता?"

"बादलीभर चेंडू मारतो. कधी दोन बादल्या."

"सगळे एकाच काठीनं? एकाच दिशेला?"

"मग? हात बसायला नको?"

"माझ्याकडे एक मुलगी येते, ती अगदी अशीच वाजवते. जेवढं येतं तेवढंच, आणि ते जोरात, खालच्या मजल्यावर आईला ऐकू जाईल असं. न येणारी ओळ आली की तिला तहान लागते." छोटी समोर बसली. "रविवारी किती फटके मारलेत? त्यातले हिरवळीवर किती?"

डॉक्टरांनी बोटे मोजली. मग पुन्हा मोजली. "निम्मे," ते पडक्या आवाजात म्हणाले.

"आणि हिरवळीचा सराव किती?"

"अगं, ते काय... ते तर जवळच असतं ना!"

छोटी उठली. छत्र्यांच्या डब्याकडे आली आणि तिने मला बाहेर काढले. इतक्या वर्षांनी! तिने आधी पदराने... नाही, त्या दिवशी तिच्या अंगात स्वेटर होता. तिने बाहीने माझे डोके पुसले आणि मला मुठीत धरले. आता ती मला कमरेत धरत नव्हती. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिने एक जुना चेंडू जमिनीवर ठेवला, डब्याकडे एकदा पाहिले आणि मला हलवले. चेंडू गेला तो सरळ, छत्र्यांच्या डब्याच्या पायाला जाऊन टुक् वाजला. डॉक्टर बघतच राहिले. नवरा म्हणून वीस वर्षे झाली होती, आणि ही गोष्ट त्यांना आजच कळत होती.

"तू कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर दवाखान्याच्या पॅसेजमध्ये रियाज सुरू झाला. गुळणी करायचा पेला टोकाला आडवा ठेवला. त्याच्या थोडे अलीकडे छोटीने एक दरवाजा बांधायला सांगितला. दोन वस्तू, मध्ये चेंडू जेमतेम जाईल एवढी फट. डॉक्टरांना हाताशी सापडले ते प्लॅस्टरचे जबडे, पेशंटच्या दातांचे साचे. एक जबडा इकडे, एक तिकडे, दोघेही आ वासून. चेंडू वाकडा गेला की खाडकन दाढेवर आपटे.

छोटी खुर्चीत बसून आज्ञा सोडायची. "आधी अगदी जवळून. तिथून सगळे गेले की मग एक पाऊल मागे. एक जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा गेल्याशिवाय चहा नाही."

"चहा नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. मैदानावर शेवटच्या चेंडूला हात कापतात ना? मग इथंही कापायला हवेत."

तिने शिकवणीतला लंबकही आणला, तालासाठी ठेवतात तो, टक टक करणारा. टक म्हटले की मला मागे न्यायचे, टक म्हटले की पुढे. डॉक्टर घाईचे माणूस. त्यांचा पहिला टक आणि दुसरा टक यांच्यात श्वास घेण्याइतकीही जागा नसे. ती जागा तयार व्हायला कितीतरी संध्याकाळी गेल्या. पहिला आठवडा चहाविना गेला. तिसऱ्या दिवशी तर ते मला फेकणारच होते, पण समोर जबडे हसताना दिसले आणि त्यांनाही हसू फुटले.

एकदा उशिरा आलेल्या एक बाई बाकावर बसून सगळा प्रकार पाहत होत्या. बराच वेळ त्या डाव्या जबड्याकडे निरखून बघत राहिल्या.

"डॉक्टर," त्या शेवटी म्हणाल्या, "ते माझे दात आहेत का हो?"

"फक्त साचा, बाई. काळजी करू नका."

"काळजी कसली? पण एवढं मारूनसुद्धा तो हलत नाही, आणि माझा खरा दात गाजरानं पडला!"

सराव जबड्यांवर थांबला नाही. कधी पेला उचलून नुसता सतरंजीचा काठ धरायचा. चेंडू काठावर थांबला पाहिजे, भिंतीला लागता कामा नये. हा नेमाचा नव्हे, जोराचा रियाज. मागच्या अंगणात आखूड काठीने चेंडू उचलून धुण्याच्या टोपलीत टाकायचे. टोपलीत कधी कधी धुणे असे, तेव्हा डॉक्टरांना टोपलीबरोबर बोलणीही मिळत. मोठ्या मैदानावर जायचे तर आता अर्धीच बादली. "प्रत्येक चेंडूला वेगळी काठी, वेगळं झाड," छोटीचा हुकूम. "खरा खेळ कधी तुम्हाला तोच फटका दोनदा मारायला देतो का?" नवी ड्रायव्हर खोक्यातच राहिली. तिला हे फार लागले असावे, पण मी तिला सरक म्हटले नाही. माझे तसे वळण नाही.

हिवाळा सरला. डॉक्टरांचा आकडा हळूहळू उतरत विसाच्या किंचित वर येऊन अडकला. शेवटच्या रविवारी चांगले खेळले तर सकाळ, नाही तर दुपार. सासरेबुवा गुडघ्याला पट्टा बांधून आले. छोटीही बघायला आली. सचिवबाई स्वतः आकडे लिहायला आमच्या चौकडीबरोबर चालत होत्या. वखारवाल्यांचे दुपारचे नक्कीच झाले होते, पण ते मजा बघायला म्हणून खेळत होते.

डॉक्टर छान खेळले. दोन होलच्या मध्ये मी ऐकत होते. सासरेबुवा पुन्हा त्या वाहून गेलेल्या कमानीविषयी सांगत होते आणि डॉक्टर हं हं करत होते. पण अर्ध्या वाटेत घात झाला. चेंडू होलपासून हातभर. डॉक्टर गप्पांच्या नादात पुढे झाले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी चेंडू उचलून सरळ खिशात टाकला!

"एक दंड," सचिवबाईंचा बारीक आवाज आला. "चेंडू जागेवर ठेवा आणि टाका."

वखारवाल्यांनी तोंडावर टोपी धरली. छोटीने डोळे मिटले. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यांनी चेंडू ठेवला आणि टाकला.

त्या एका फटक्यामुळे सगळे येऊन ठेपले शेवटच्या होलवर. डॉक्टरांचा चेंडू होलपासून बरोबर माझ्या लांबीइतका दूर थांबला. हा गेला तर आकडा वीस आणि सकाळ. नाही गेला तर एकवीस आणि दुपार. सचिवबाई बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या होत्या.

"दिला!" न्यायाधीश हळूच म्हणाले. माणूस तापट, पण मनाने लोण्यासारखा.

"दिला, दिला," वखारवाले कुजबुजले. "उचला, डॉक्टर. बाई बघत नाहीत."

डॉक्टरांचा हात खरोखर पुढे झाला.

"कुणी काही दिलेलं नाही!" सासरेबुवा गरजले. पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले. "नदीच्या पलीकडे जवळजवळ पोचलेला पूल पाहिलाय का कुणी? टाका, जावईबापू!"

डॉक्टरांनी मला धरले. त्यांच्या तळव्यांना घाम होता, पण पकड सैल होती, जशी असावी तशी. ते पुटपुटत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आले. टक. आणि मग एक श्वासभर जागा. टक. चेंडू निघाला, दोन अदृश्य जबड्यांच्या मधून गेला आणि होलमध्ये पडला. तो आवाज, मित्रांनो! चेंडू घरी पोचल्याचा आवाज. त्याच्यासाठीच तर मला बनवले होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छोटीने दोन्ही हात वर केले. आता फक्त सासरेबुवांचा चेंडू उरला होता, आणि तो डॉक्टरांच्यापेक्षाही जवळ होता.

साहेब पुढे आले आणि सवयीने थबकले. कुणीतरी 'दिला' म्हणेल म्हणून. पण आत्ताच तर ते स्वतः गरजले होते. आता कोण म्हणणार?

"ती द्या इकडे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "मूळची माझीच आहे."

किती वर्षांनी मी त्यांच्या हातात गेले! हात तोच होता, उंची तीच होती. पण मूठ गरजेपेक्षा घट्ट होती आणि गुडघा वाकत नव्हता. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी क्लबात कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सगळ्यात जास्त 'दिला' साहेबांच्या वाट्याला आले होते. वयाचा मान म्हणून, दरारा म्हणून. काठीभर अंतरावरचा एकही चेंडू त्यांनी कित्येक वर्षांत टाकला नव्हता. त्या सकाळीही जवळचे बरेच चेंडू हुकले होते, आणि दर वेळी ते म्हणाले होते, "गवत बघा कसं कापलंय."

चेंडू होलच्या काठाला लागून बाजूला गेला. काठीला स्वतःहून काही करता येत नाही, हे मला त्या दिवशी जितके बोचले तितके कधी बोचले नाही.

सचिवबाईंनी बेरीज केली आणि बारीक आवाज आणखी बारीक केला. "साहेब, बावीस."

साहेब उगाच गुडघ्याचा पट्टा घट्ट करत राहिले. ताठ माणूस पट्ट्याकडे वाकून बघतो तेव्हा समजावे, की त्याला चेहरा दाखवायचा नाही.

"सचिवबाई," डॉक्टर म्हणाले, "दुपारच्या गटात जागा आहे का?"

"पण तुमचा वीस झाला. तुम्ही सकाळचे."

"मला सकाळी पेशंट असतात."

"रविवारी?"

"दात काय वार बघून दुखतो, बाई?"

सचिवबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले, मग साहेबांकडे, आणि वहीत काहीतरी खोडून लिहिले. "दुपारी तीन वाजता," त्या म्हणाल्या. "वखारवाल्यांना धरून तुम्ही तिघं. चौथं कोण?"

"मी," छोटी म्हणाली.

साहेब सरळ उभे राहिले. मग त्यांनी मला जावयाच्या हातात दिले.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचा पडद्याचा दांडा." आणि मित्रांनो, आमच्या साहेबांना मोठ्याने हसताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

तेव्हापासून मी छत्र्यांच्या डब्यात नसते. दाराजवळ दोन खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांवर आडवी असते. आता मैदानावर मी छोटीच्या हाती असते. डॉक्टरांनी स्वतःसाठी वेगळी पटर घेतली, आखूड. मोजायच्या कामाची नाही.

तुम्हाला एवढेच सांगणे आहे. लांबचे धडाकेबाज फटके घोकायला सगळ्यांनाच आवडते, बघणारे असतात ना! जवळचे, सोपे म्हणून सोडून दिलेले अंतर मात्र रोज थोडे चालून पाहा. कुणी मोठ्या मनाने 'दिला' म्हणाले तर त्यांचे आभार जरूर माना, पण चेंडू टाकूनच या. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल तर पाऊस लागल्यावर तिला कोरडी पुसा, अधूनमधून पितळ चमकवा आणि सोफ्याखालच्या चपलांसाठी दुसरे काहीतरी शोधा.

आता मला जायला हवे. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये जबडे मांडून झाले आहेत आणि लंबक टकटकतो आहे. साहेबांसाठी खास उंच पाठीची खुर्चीही ठेवली आहे, गुडघ्याला आराम म्हणून, पण ते काही बसत नाहीत. आज त्यांचे बाकी सगळे चेंडू गेले आहेत. शेवटचा पेल्याच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला आहे.

"छोटे," साहेब विचारत आहेत, "दिला?"

"नाही, बाबा. पुन्हा पहिल्यापासून."

कोपऱ्यात डॉक्टर दोघांचा चहा झाकून ठेवत आहेत.